कातडीखालचा पहारेकरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. पस्तीस वर्षांहून अधिक काळ तो आमच्या मनात घर करून बसला आहे. आम्ही वैद्य नव्हे आणि शास्त्रज्ञ तर नव्हेच. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि खडूफळ्यापाशी गेलेले आयुष्य एवढीच आमची शिदोरी. तेव्हा आम्ही सांगतो ते वाचून, विचारून आणि पाहून मिळविलेले आहे असे समजावे, आणि उपचार मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावेत.

१९८९ सालची गोष्ट. आम्ही इयत्ता सातवीच्या वर्गावर होतो. कवायतीचा तास संपवून मुले वर्गात आली आणि आम्ही गणित शिकवावयास आरंभ केला. तिसऱ्या बाकावरील एका मुलाने खिशातून गुळाचा खडा काढून हळूच तोंडाकडे नेलेला आम्ही पाहिला. मुलगा आपल्यातलाच, हुशार आणि गरीब स्वभावाचा. शिस्तीच्या अभिमानाने आम्ही तो खडा त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्यास वर्गाबाहेर उभे केले. त्याचा हात थरथरत होता, कपाळावर घाम होता. आम्हांस वाटले, शिक्षेची भीती. दहा मिनिटांनी व्हऱ्हांड्यात काही पडल्याचा आवाज झाला. मुलगा खाली बसला होता, डोळे उघडे होते, पण आपले नाव त्यास सांगता येत नव्हते. नववीत शिकणारी त्याची बहीण धावत आली. "गुरुजी, साखर द्या, लवकर साखर द्या," एवढेच ती म्हणाली. मुख्याध्यापकांच्या चहाची साखर पाण्यात कालवून तिने घोट घोट त्यास पाजली, आणि पाव तासात मुलगा भानावर आला. त्यास इन्शुलिन चालू होते. शाळेत ते कोणासही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. आम्हांस वाटले, जाब विचारतील, आणि तो त्यांचा अधिकार होता. पण त्यांनीच हात जोडले. म्हणाले, "गुरुजी, झाले ते झाले. पण हे कुणाला कळू देऊ नका. घरात मुली उजवायच्या आहेत." आम्ही तोंड मिटून घेतले. त्या दिवशी गूळ काढून घेणे ही आमची पहिली चूक, आणि तोंड मिटून घेणे ही दुसरी. पहिली अज्ञानाची होती, दुसरीस तेवढेही निमित्त नव्हते. आजचे भाषण या दोन्ही चुकांविषयी आहे.

प्रथम अज्ञानाविषयी. मधुमेह हे नाव आपल्याकडे फार जुने आहे, आणि अशा रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात हेही आपल्या प्राचीन वैद्यांनी नमूद करून ठेवले आहे. याचे दोन मुख्य प्रकार. एकात शरीर स्वतःच स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा बहुधा लहान वयात दिसतो, आणि गोड खाण्याने किंवा आईबापांच्या हयगयीने तो होत नाही. दुसरा बहुधा मोठ्या वयात होतो. त्यात इन्शुलिन असूनही अपुरे पडते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एवढ्या मोठ्या संख्येतून आपलीच ज्ञाती तेवढी सुटली असेल, असे मानणे हा भाबडेपणा होय.

पहिल्या प्रकारची मुले पूर्वी वाचत नसत. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन काढण्यात यश मिळविले, आणि जानेवारी १९२२ मध्ये ते लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास टोचले गेले. त्यानंतर अशी मुले जगू लागली. परंतु या अमृताला दुसरी धार आहे. इन्शुलिन घेतले आणि जेवण उशिरा झाले, अथवा कवायत जास्त झाली, तर रक्तातील साखर खाली उतरते. मेंदूचे मुख्य इंधन तीच असल्याने माणूस भांबावतो, घामेजतो, आणि वेळीच साखर न मिळाल्यास बेशुद्ध होतो. १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर जाणे ही धोक्याची पहिली पायरी, आणि ५४ च्या खाली जाणे ही गंभीर अवस्था. आमच्या विद्यार्थ्याने गुळाचा खडा तोंडाकडे नेला तो जिभेच्या लोभाने नव्हे.

मग आपली साखर किती आहे हे त्या मुलास कळावे तरी कसे? घरी निळे बेनेडिक्ट द्रावण होते. काचनळीत त्यात मूत्राचे थेंब टाकून दिव्यावर तापवावयाचे, की रंग बदले. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी, जसजशी साखर अधिक तसतसा रंग तांबडा. पण रक्तातील साखर सुमारे १८० च्या वर गेल्याशिवाय बहुधा ती मूत्रात उतरतच नाही. म्हणजे साखर वाढल्याचे वर्तमान ते उशिरा देई, आणि उतरल्याचे तर मुळीच देत नसे. ५० असली तरी निळा, ११० असली तरी निळा! ज्या बाजूने घाला पडावयाचा, त्या बाजूला पहारेकरीच नव्हता.

पुढे बोट टोचून पट्टीवर थेंब घेण्याची यंत्रे घरोघरी आली. ती उपयोगी आहेतच, आजही आहेत. परंतु त्यांची मर्यादा आम्हां शिक्षकांस चटकन कळेल. शाळेची वार्षिक तपासणी असते, त्या दिवशी फळा स्वच्छ, मुले चिडीचूप आणि शेरा उत्तम. वर्षाच्या बाकीच्या दिवशी वर्गात काय चालते ते साहेबांस दिसत नाही. सकाळी उपाशीपोटी केलेली तपासणी ही अशीच. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी नावाची तपासणी आहे, तिचे महत्त्वही मोठे. पण सरासरीत एक खोट असते. एका विषयात ९५ आणि दुसऱ्यात १५ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याची सरासरी ५५ येते, आणि गुणपत्रिकेच्या शेवटच्या ओळीवर समाधान मानणाऱ्या पालकास नापास झालेला विषय दिसत नाही. तद्वत दुपारी साखर वर चढते, पहाटे तीनला खाली उतरते, आणि सरासरी मात्र शहाण्यासारखी दिसते.

म्हणून अखंड पहारा हवा, ही कल्पना निघाली. अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली आपल्या सहकाऱ्यासह तिची पायाभरणी केली. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एक विकर आहे. ते केवळ ग्लुकोजवर काम करते, आणि त्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो. विजेच्या अग्रावर हे विकर बसविले तर साखरेचे प्रमाण विद्युत्-प्रवाहावरून मोजता येईल, हे त्यांचे सूत्र. १९९९ साली अमेरिकेत अशा पहिल्या अखंड मापकास मान्यता मिळाली. पण तो तीन दिवस मुकाट्याने नोंदी ठेवी, आणि त्या मागाहून डॉक्टर पाहत. रुग्णास त्या वेळी काहीच कळत नसे. त्यानंतर तत्काळ आकडा दाखविणारे, धोक्याची घंटा वाजविणारे आणि मोबाइलवर वर्तमान देणारे संवेदक आले. संवेदक म्हणजेच सेन्सर. दंडावर किंवा पोटावर चिकटवावयाचे, केसासारखी बारीक तार कातडीखाली ठेवणारे आणि दहा-चौदा दिवसांनी बदलावयाचे असे हे संवेदक आज आपल्या शहरांतही दिसू लागले आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. हे संवेदक रक्तातील साखर प्रत्यक्ष मोजत नाहीत. कातडीखालच्या पेशींभोवती जो द्रव असतो, त्यातील साखर ते मोजतात. शेतकरी मंडळींस दाखला सहज पटेल. पाटाला पाणी सोडले म्हणजे ते त्याच क्षणी वाफ्याच्या टोकाला पोचत नाही. रक्त हा पाट, आणि हा द्रव म्हणजे वाफ्यातील ओल. साखर झपाट्याने चढत अथवा उतरत असेल, तेव्हा संवेदकाचा आकडा काही मिनिटे मागे असतो. म्हणून आकडा एक सांगतो आणि शरीर दुसरे सांगते, असे झाले तर बोट टोचून खात्री करून घ्यावी. साखर उतरल्यावर योग्य तेवढे गोड खाल्ले, तरी संवेदक थोडा वेळ कमीच दाखवितो. तेव्हा घाबरून डबाभर लाडू संपवू नयेत.

आता ज्या संवेदकासाठी या भाषणास हे नाव दिले, त्याकडे वळू. चिकटवावयाचा संवेदक निघून येतो, घामाने सुटतो, त्याच्या डिंकाने कोणाकोणाच्या कातडीस खाज येते, आणि दर दोन आठवड्यांनी नवा लावावा लागतो. मग तो पूर्णपणे कातडीखालीच का ठेवू नये? प्रश्न सोपा, पण उत्तरास अनेक वर्षे लागली. पायात काटा मोडला तर शरीर त्याभोवती गाठ धरते, हे आपण जाणतो. शरीरास परकी वस्तू खपत नाही. ते तिच्याभोवती तंतूंची भिंत बांधते, आणि भिंतीआड गेलेल्या संवेदकास साखर पोचत नाही. शिवाय विकर काही काळाने निकामी होते.

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील सेन्सिऑनिक्स या कंपनीने या दोन्ही अडचणींवर मार्ग काढला. तिच्या एव्हरसेन्स नावाच्या संवेदकास २०१६ साली युरोपात आणि जून २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्णपणे कातडीखाली बसविण्याचा मान्यताप्राप्त असा अमेरिकेतील तो पहिला संवेदक. औषधाच्या कॅप्सूलसारखी त्याची नळी सुमारे १८ मिलिमीटर लांब आणि साडेतीन मिलिमीटर जाड असते. तीत विकर नाही. एक विशिष्ट रसायन आहे, त्यावर प्रकाश पाडला की ते चमकते, आणि ग्लुकोज त्यास चिकटले की ती चमक वाढते. ग्लुकोज सुटून गेले की चमक पुन्हा उतरते. चमक मोजली की साखर कळली. भिंत बांधणाऱ्या शरीरास शांत ठेवण्यासाठी नळीवर डेक्सामेथासोन या औषधाचे कडे बसविलेले असते, आणि ते औषध हळूहळू झिरपत राहते.

नळीत बॅटरी नाही. दंडाच्या वर, कातडीबाहेर, एक लहानसे यंत्र रोज नव्या सौम्य चिकटपट्टीने लावावयाचे असते. ते खालच्या नळीस शक्ती पुरविते, दर पाच मिनिटांनी तिचे मोजमाप घेते आणि मोबाइलकडे पाठविते. साखर चढली अथवा उतरली तर ते दंडावरच थरथरते, म्हणजे मोबाइल दुसऱ्या खोलीत असला तरी झोपलेल्या माणसास जाग यावी. वरचे यंत्र काढून ठेवता येते, खालची नळी जागेवरच राहते. प्रथम या नळीची मुदत अमेरिकेत ९० दिवस होती. २०२२ साली १८० दिवसांच्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एका वर्षाच्या नळीस तेथे मान्यता मिळाली.

ही झाली थोरवी. आता उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आमचे भाषण जाहिरात होईल. नळी बसविण्यास जागा बधिर करून डॉक्टरांकडून लहानसा छेद घ्यावा लागतो, मुदत संपली की दुसरा छेद घेऊन काढावी लागते. कोठेही छेद म्हटला की जंतुसंसर्गाचा आणि व्रणाचा थोडा संभव आलाच. बसविल्यापासून सुमारे २४ तास ती आकडे देत नाही. बोट टोचणे पूर्ण सुटत नाही. आकडे खरे राहावेत म्हणून पूर्वीच्या नळ्यांस रोज, आणि वर्षाच्या नळीस प्रारंभीचे दिवस सोडल्यास आठवड्यातून एकदा, बोटाच्या रक्ताचा ताळा द्यावा लागतो. टेट्रासायक्लिन वर्गातील औषधांनी आकडा चुकू शकतो. चुंबकीय तपासणीच्या, म्हणजे एमआरआयच्या, खोलीत वरचे यंत्र नेता येत नाही. आणि खर्च! चिकटवावयाच्या एका संवेदकासही आपल्याकडे काही हजार रुपये पडतात. वर्षभराचा हिशेब मध्यम स्थितीच्या कुटुंबास जड जातो.

म्हणून प्रत्येक मधुमेह्याने संवेदक लावलाच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. पथ्यावर किंवा साध्या गोळ्यांवर ज्यांची प्रकृती ठीक आहे, त्यांस बोटाची तपासणी आणि तीन महिन्यांची सरासरी बहुधा पुरते. खरी गरज आहे ती इन्शुलिन घेणाऱ्यांस, विशेषतः लहान मुलांस, आणि साखर उतरल्याची पूर्वसूचना ज्यांच्या शरीराकडून मिळेनाशी झाली आहे अशांस. ते रात्री झोपेतच घसरतात, आणि शेजारी झोपलेल्या माणसासही कळत नाही.

आणखी एक गोष्ट. पहारेकरी ठेवला म्हणजे चोरी टळली असे नव्हे. त्याची हाक ऐकून उठावे लागते. अमेरिकेत ३२२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंचवीस वर्षांवरील मंडळींची सरासरी साखर संवेदकामुळे स्पष्टपणे सुधारली, पण तरुणांत आणि मुलांत तसा फरक दिसला नाही. कारण शोधता असे दिसले की मोठ्यांनी संवेदक जवळजवळ रोज वापरला होता, तर तरुणांनी पुष्कळ वेळा तो बाजूस ठेवला होता. ज्यांनी रोज वापरला त्यांस लाभ झाला. पुस्तक विकत घेतल्याने विद्या येत नाही, हे आम्ही वर्गात सांगत असू. ते येथेही खरे ठरले. २०१९ साली जगातील तज्ज्ञांनी मोठ्या माणसांपुढे एक ध्येय ठेवले. साखर ७० ते १८० या मर्यादेत दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक वेळ, म्हणजे सुमारे १७ तास, असावी. हे तास यंत्र मोजते. ते मिळवावयाचे मात्र आपल्या ताटातून, चालण्यातून आणि वेळेवरच्या औषधातून.

बंधुभगिनींनो, गेल्या दिवाळीत तो आमचा विद्यार्थी भेटावयास आला. आता तो पन्नाशीजवळ आला आहे. वाकून नमस्कार करताना त्याच्या दंडावरची रुपयाएवढी चकती आम्हांस दिसली. आमची नजर ओळखून त्याने मोबाइल दाखविला. त्यावर दिवसभराची रेघ होती, डोंगरासारखी चढती-उतरती. म्हणाला, "गुरुजी, रात्री साखर उतरली की माझ्याआधी हिचा मोबाइल वाजतो," आणि त्याने पत्नीकडे बोट दाखविले. ती म्हणाली, "लग्नाआधीच यांनी मला सगळे सांगितले होते. म्हणून तर आज जागी होते." आम्ही त्याची १९८९ सालच्या त्या तासाबद्दल क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "गुरुजी, तेव्हा तुम्हांला दिसत नव्हते, आणि आम्ही सांगत नव्हतो."

त्याच्या या एका वाक्यात आमचे सारे भाषण आले. जे दिसत नव्हते ते आता यंत्र दाखविते. पण जे आपण सांगत नाही, ते कोणते यंत्र सांगणार? संवेदकाची हाक घरातल्या मोबाइलवर जाते खरी, परंतु शाळेतल्या गुरुजींस, सासरच्या माणसांस, कचेरीतल्या सोबत्यास मुळी ठाऊकच नसेल, तर ती हाक अरण्यात गेली. आजही आपल्या ज्ञातीत मुलीचा रोग स्थळापासून लपविला जातो. लग्नानंतर ती चोरून सुई टोचते, वेळ चुकते, सणाच्या गर्दीत जेवण लांबते, आणि एखाद्या दिवशी स्वयंपाकघरात कोसळते. दंडावरची चकती कोणी पाहू नये म्हणून ती काढून ठेवणाऱ्या मुली आहेत, असे आमच्या कानी आले आहे. नळी उद्या पूर्ण कातडीखाली जाईल, आणि कोणी म्हणेल, बरे झाले, आता कोणास दिसणार नाही. आमची हात जोडून विनंती आहे की यंत्र कातडीखाली खुशाल जाऊ द्या, रोग मात्र कातडीखाली लपवू नका.

यास्तव मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, विद्यार्थी साहाय्यक निधीतून इन्शुलिन घेणाऱ्या गरजू मुलांच्या पट्ट्यांचा, आणि डॉक्टरांनी आवश्यक म्हटल्यास संवेदकाचा, काही भार उचलावा. आज एका मुलापासून आरंभ झाला तरी पुरे. दुसरी, अशा प्रत्येक मुलाच्या पालकांनी शाळेस लेखी कळवावे, आणि वर्गशिक्षकाच्या टेबलात साखरेची पुडी असावी. हात थरथरणे, घाम, बरळणे दिसले की मूल शुद्धीवर असताना तीन-चार चहाचे चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता तत्काळ दवाखाना गाठावा. तिसरी, वधूवर मेळाव्यात रोग सांगणाऱ्या कुटुंबाचा मान राखावा. जो सांगतो तो प्रामाणिक, आणि प्रामाणिक घरी मुलगी देण्यात वा तेथून सून आणण्यात कसला कमीपणा? दंडावर यंत्र लावणारी मुलगी आपल्या प्रकृतीचा हिशेब रोज ठेवते. असा हिशेब निरोगी म्हणविणाऱ्यांपैकी किती जण ठेवतात?

आमच्या हातून त्या मुलाचा गूळ सुटला नाही, हे शल्य आम्ही बाळगून आहोत. तुमच्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, म्हणून एवढे सांगितले.